पाण्याचे चार थेंब

सलग तिसऱ्या सकाळी सदाशिवरावांची मोटार चालू झाली नाही, तेव्हा त्यांच्या कापसाच्या जिनातला हमाल वाहिद मिस्त्रीच्या दारात येऊन उभा राहिला. पौषाचे दिवस होते. वाहिद चुलीपुढं उकिडवा बसून बोटं शेकत होता. गारठ्यानं त्याची बोटं सकाळी वळत नसत. पाना धरायचा तर आधी घटकाभर विस्तवाशी बसावं लागे.

"मालकानं बोलावलं," हमाल म्हणाला. "पुन्हा तेच."

वाहिदनं पान्यांची पिशवी उचलली आणि निघाला.

ढाणकीत तेव्हा मोटार अशी ही एकच. महाराष्ट्र होऊन दीड-दोन वर्षं झाली होती. उमरखेडहून एसटी दिवसातून दोनदा यायची, बाकी सगळा कारभार बैलबंडीवर. सदाशिवरावांचं कापसातली सरकी काढायचं जिन होतं. त्यांनी ही मोटार हैदराबादच्या एका नवाबाच्या घरातून जुनी उचलून आणली होती. काळी, लांब नाकाची, जर्मन बनावटीची, आणि डिझेलवर चालणारी. जिनातल्या मोठ्या इंजिनासाठी डिझेलचे पिंप असतच, त्यातलंच मोटारीला घालायचं, असा त्यांचा हिशेब.

वाहिद ऑइल इंजिनचा मिस्त्री. विहिरीवरची इंजिनं, पिठाच्या गिरण्या, जिनातलं मोठं इंजिन, हे सगळं पंचवीस वर्षं त्याच्या हाताखालून गेलेलं. इंजिनाला कान लावून कुठं दुखतं ते तो सांगायचा आणि बहुतेक वेळा ते खरं निघायचं. ही मोटार मात्र त्याला काही सांगत नव्हती.

आवारात कापसाच्या बंड्या लागल्या होत्या. बैलांच्या नाकातून वाफ निघत होती. लखीराम ड्रायव्हर मोटारीत बसून होता. हा लखीराम ढाणकीपासून कोसभरावरच्या बंजारा तांड्यातला. नांदेडला ट्रकवर क्लीनर राहून गाडी शिकला होता, आणि जिनानं दिलेला खाकी कोट बटणं लावून नीट घालायचा.

"मार सेल्फ," वाहिद म्हणाला.

लखीरामनं आधी इंजिनातले हीटर तापवले, मनात तीस मोजले आणि सेल्फ मारला. इंजिन गरगर फिरलं. फिरत राहिलं, पण धरलं नाही. मागून धूरही आला नाही.

"बॅटरी तर चांगली हाये," लखीराम म्हणाला. "काल दुपारी उमरखेडहून आलो तं मख्खन चालली. रातभर उभी राह्यली का सकायी असं करते."

वाहिदनं बोनट उघडलं, फिल्टरवरचा स्क्रू ढिला केला आणि हातपंप मारायला लागला. स्क्रूतून फसफस फेस आला, मग डिझेल आलं. स्क्रू आवळला. "आता मार." इंजिन धडधडलं आणि चालू झालं.

म्हणजे डिझेलची लाइन हवा धरत होती. एवढं त्याला पहिल्याच दिवशी समजलं होतं. पण हवा शिरत होती कुठून? त्यानं वॉशर बदलले, फिल्टर बदललं, प्रत्येक जोड आवळला. मोटारीखाली आडवं होऊन टाकीपासूनचा पाइप नजरेनं तपासला. तो कोरडा होता. पाइप धरून ठेवणाऱ्या एका पट्टीपाशी चिखल नि तेल साचून काळं ढेकूळ झालं होतं, पण असली ढेकळं जुन्या गाडीखाली जागोजाग असतात. कुठंच थेंब गळत नव्हता. आणि गंमत अशी की मोटार रोज नखरे करत नव्हती. आठ-आठ दिवस पहिल्या सेल्फला उठायची, मग चार दिवस रुसायची.

सदाशिवराव कचेरीच्या पायरीवर येऊन उभे राहिले. धोतराचा सोगा हातात, डोक्याला मफलर.

"वाहिद, तुले समजते का नाही ते सांग. नसंल समजत तं नांदेडचा मिस्त्री आणतो."

काट्याजवळचा मापारी हसला. बंडीवाले बघायला लागले. वाहिदच्या कानशिलात ऊन ऊन झालं.

"दोन दिवस द्या, मालक."

त्या दोन दिवसांत त्यानं एक गोष्ट शोधून काढली. मोटार कधी रुसते नि कधी नाही, याचे दिवस त्यानं लखीरामला आणि जिनातल्या कारकुनाला विचारून मांडले. सदाशिवराव स्वतः उमरखेडला किंवा नांदेडला जात तेव्हा पंपावर टाकी भरून घेत. त्यानंतर आठवडाभर मोटार शहाण्यासारखी वागे. मग लखीराम जिनातल्या पिंपातून डबड्यानं डिझेल घाली, आणि दोन-तीन दिवसांत खोड सुरू होई. असं एकदा नाही, पाच वेळा झालं होतं.

वाहिदनं फिल्टरखालची काचेची वाटी सोडवली आणि उन्हाकडं धरली. तळाशी पाण्याचे चार थेंब डिझेलखाली गोळ्यांसारखे हलत होते.

त्याच्या जिवाला एकदम हलकं वाटलं. इतके दिवस डोक्यात नुसता गुंता होता, आता त्याचं टोक हाती आलं.

"मालक, हे पाहा," तो म्हणाला. "डिझेलमधी पानी हाये. माल चोख नाही."

सदाशिवरावांनी वाटी हातात घेतली. "उमरखेडच्या पंपाचं?"

"नाही. ते भरलं का चांगली चालते. पिंपातलं घातलं का बिघडते."

"पिंपातलं कोन घालते?"

"लखीराम," वाहिद म्हणाला.

आवारात पन्नासेक माणसं होती. कापूस निवडायला बसलेल्या बायका, हमाल, बंडीवाले. सदाशिवरावांनी आवाज चढवला नाही, पण तो सगळ्यांना ऐकू गेला.

"म्हणजे डिझेल काढून इकते, आन भरतीले पानी घालते. असंच ना?"

त्यांनी हे वाहिदला विचारलं. वाहिदनं वाटीकडं पाहिलं. 'ते मले माहीत नाही' एवढं म्हणता आलं असतं. पण इतक्या दिवसांनी त्याचं बोलणं कुणी तरी मान डोलवून ऐकत होतं. तो गप्प बसला.

"मालक, मी याडीची, माह्या मायची शपथ घेतो," लखीराम म्हणाला. "मी थेंब नाही काढला."

"किल्ली दे. आन कोट जिनाचा हाये."

 लखीरामनं कोटाची बटणं वरून खाली एकेक सोडवली, कोट घडी करून बोनटवर ठेवला आणि त्यावर किल्ली ठेवली. आतल्या सदऱ्याची बाही फाटलेली होती. निवडणाऱ्या बायकांत त्याची बायको जमनी बसली होती. तीही उठली, ओढणीला लागलेला कापूस झटकला आणि नवऱ्याच्या मागं फाटकाबाहेर गेली.

घरी वाहिदनं हे हुस्नाबीला सांगितलं. ती भाकरी थापत होती. घरात दोघं आपल्या दखनीत बोलत.

"तुमने उसकू पानी डालते देखे क्या?" तिनं विचारलं.

"वाटी में पानी था. ये आंखों से देखा."

"मैं पानी का नहीं पूछी. उसका पूछी."

वाहिद जेवण अर्धं टाकून उठला. बाईमाणसाला इंजिनातलं काय कळतं, असं तो उंबऱ्यातून म्हणाला. हुस्नाबीनं तव्यावरची भाकरी उलटली.

त्याच दिवशी सदाशिवरावांनी पिंपाला कुलूप लावलं आणि पुतण्या बबनराव याच्याकडं मोटार दिली. बबनराव उमरखेडहून टाकी गच्च भरून घेऊन आला. नऊ दिवस मोटार पहिल्या सेल्फला उठत होती. मापारी वाहिदला पाहून आता "या मिस्त्री" म्हणायचा. सदाशिवरावांनी त्याला कचेरीत बसवून चहा पाजला.

दहाव्या दिवशी सकाळी हमाल पुन्हा दारात.

वाहिदला वाटलं, दुसरंच काही बिघडलं असेल. पण जाऊन पाहतो तर तेच. इंजिन गरगर फिरतं, धरत नाही, धूर नाही. स्क्रू ढिला केला तर फसफस फेस.

"डिझेल कोनं घातलं?" त्यानं विचारलं.

"मी," बबनराव म्हणाला. "कुलूप मी उघडलं, डबडं मी भरलं, घातलं मीच. आता मले चोर म्हणतो का?"

वाहिदनं वाटी सोडवली. तळाशी पाण्याचे थेंब होते, या खेपेला तीन. त्यानं गावातल्या पिठाच्या गिरणीवर जाऊन तिथल्या इंजिनाची वाटी उघडली. त्यातही दोन थेंब होते, आणि ती गिरणी वर्षभर एक दिवस बंद पडली नव्हती. थंडीच्या दिवसांत टाकीच्या आतल्या अंगाला दव धरतं, हे त्याला काही नवीन नव्हतं. लहानपणापासून माहीत होतं. मग त्या दिवशी ते आठवलं कसं नाही?

पुढचे आठ दिवस त्याच्या डोक्यात नुसता कालवा होता. त्यानं डिझेल फवारणारे चारही नोझल काढून फडक्यात गुंडाळले आणि एसटीनं नांदेडला तपासून आणले, ठीक निघाले. हीटर एकेक काढून बॅटरीला जोडून पाहिले, लाल झाले. इंजिनाला डिझेल पुरवणारा पंप उघडला, पुसला, पुन्हा बसवला. सगळं चांगलं होतं आणि मोटार उठत नव्हती. बोटांची सालं निघाली. झोपेतही तो हातपंप मारत असे, असं हुस्नाबी म्हणाली. सदाशिवराव आता त्याच्याशी बोलतच नसत. बबनरावामार्फत निरोप येई, "काकानं विचारलं, किती दिवस."

त्यात बाजाराचा दिवस आला. हुस्नाबी बाजारातून आली ती पिशवी तशीच ठेवून बसली.

"जमनी मिली थी," ती म्हणाली. "मिरची लेने कू आई थी. मेरे कू देखी और बाजू से निकल गई. दो साल हमारे घर का पानी पी वो."

"कुछ बोली?"

"नहीं बोली. बाजूवाली बोली. लखीराम कू कोई गाडी पे नहीं लेता बोलके. रास्ते की गिट्टी फोडता बोलते."

वाहिदनं पिशवीतले पाने उगाच बाहेर काढले नि परत आत ठेवले.

दुसऱ्या सकाळी तो अंधार फिटायच्या आत जिनात गेला. रात्रभर त्याच्या मनात एकच गोष्ट घोळत होती: सगळं एकदम तपासत बसलो, म्हणून काहीच कळलं नाही. आधी रोग पुढं आहे का मागं, तेवढं ठरवावं. त्यानं तेलाचा रिकामा डबा धुतला, त्यात डिझेल भरलं आणि बोनटच्या कडीला टांगला. टाकीकडून येणारा पाइप पंपापासून सोडवला आणि त्याच्या जागी डब्यातून रबरी नळी जोडली. हवा काढली, इंजिन चालू केलं, बंद केलं आणि मोटार तशीच उभी ठेवली. दुसऱ्या दिवशी गारठा मरणाचा होता. कडब्याच्या गंजीवर पांढरं पडलं होतं. बबनरावनं सेल्फ मारला आणि इंजिन अर्ध्या फेऱ्यात उठलं.

तिसऱ्या दिवशीही उठलं.

म्हणजे पंप, नोझल, हीटर सगळं निर्दोष. रोग टाकी नि पंपाच्या मधे. आणि तिथं एका पाइपाशिवाय होतं काय?

वाहिद पोतं अंथरून मोटारीखाली गेला. टाकीकडचं तोंड लाकडाची खुंटी ठोकून बंद केलं. पुढच्या तोंडाला अय्यूब सायकलवाल्याचा पंप जोडला आणि बबनरावला हवा मारायला सांगितलं. स्वतः साबणाचा फेस फडक्यानं पाइपाला लावत हात-हात सरकला. पट्टीपाशी आला. तेच काळं ढेकूळ. त्यानं ते नखानं उकरलं, पट्टी सोडवली, फेस लावला.

पट्टीच्या खालून एक बुडबुडा उठला. फुगला, फुटला. दुसरा उठला.

पट्टी घासून घासून पाइपाला केसाएवढी चीर गेली होती. टाकी भरलेली असली की तिचा दाब राही, पाइप डिझेलनं भरलेला राही. बाहेर पाझरे ते एवढंसं, आणि तेही धूळ पिऊन टाके. टाकी खाली गेली की रात्रभर त्या चिरेतून हवा आत जाई आणि डिझेल हळूहळू मागं टाकीत उतरे. लखीराम पिंपातून एकेक डबडंच घाली, कारण सदाशिवरावांनीच त्याला सांगितलं होतं, जास्त भरून ठेवू नको. म्हणून त्याच्या हाताला टाकी कायम अर्ध्याखाली.

वाहिद पाठीवर पडून बुडबुडे बघत राहिला. पाठीखालची जमीन बर्फासारखी होती, तरी त्याला घाम आला.

"सापडलं का काही?" वरून बबनरावनं विचारलं.

"पाइप जुना झाला," वाहिद म्हणाला. "बदलतो."

एवढं बोलून तो थांबला. आणखी काही बोलायची गरज नव्हती. पाइप बदलला की मोटार चालेल, लोक म्हणतील मिस्त्रीनं काढलं शेवटी. जिनातल्या मोठ्या इंजिनाचं काम त्याच्याकडं राहील, आणि घरची चूल त्याच कामावर पेटत होती. त्यानं नवा तांब्याचा पाइप बसवला, जुना पिशवीत घातला आणि घरी आला. हुस्नाबीनं त्याच्या तोंडाकडं पाहिलं नि काही विचारलं नाही. ते त्याला जास्त जड गेलं.

सकाळी तो तांड्यावर गेला. लखीराम झोपडीपुढं बसून पायाच्या बोटाला चिंधी बांधत होता. गिट्टी फोडताना घण लागला होता. जमनी वाहिदला पाहून आत गेली.

"राम राम, लखीराम."

"राम राम."

वाहिदनं जुना पाइप काढून दाखवला, चीर दाखवली, टाकीचं सगळं सांगितलं.  लखीरामनं पाइप हातात घेतला, चिरेवरून अंगठा फिरवला.

"डिझेलमधी खोट नव्हती," वाहिद म्हणाला. "तू पानी नाही घातलं."

"हे मले कायले सांगून राह्यला, मिस्त्री? मी पानी नाही घातलं हे मले माहीतच हाये."

वाहिद त्याच्यासमोर उकिडवा बसला.

"ज्याइच्या पुढं सांगतलं, त्याइले सांग," लखीराम म्हणाला आणि पाइप परत दिला.

शुक्रवारी जिनात माल जास्त असे. वाहिद त्याच दिवशी गेला. फाटकापासून बंड्यांची रांग लागली होती, बायका ओळीनं निवडायला बसल्या होत्या. सदाशिवराव काट्यापाशी उभे होते. वाहिदनं पाइप, साबणाच्या पाण्याचं टमरेल आणि सायकलचा पंप काट्याजवळच्या पेटीवर ठेवला.

"मालक, मले एक सांगायचं हाये."

"आत ये, कचेरीत बोलू."

"इथंच सांगायचं हाये. तेव्हा इथंच बोललो होतो."

सदाशिवरावांच्या कपाळावर आठी पडली. वाहिदनं त्यांच्याकडं पुन्हा पाहिलं नाही, नाहीतर त्याला बोलताच आलं नसतं. त्यानं पाइपाचं एक तोंड अंगठ्यानं दाबलं, दुसऱ्याला पंप लावला आणि एका हमालाला हवा मारायला सांगितलं. चिरेवर फेस ओतला. बुडबुडे उठले. पुढच्या बंड्यांवरचे लोक खाली उतरून जवळ आले.

"मोटारीचा रोग हा होता," तो म्हणाला. "डिझेल चोख होतं. वाटीतलं पानी थंडीचं, गावातल्या गिरणीच्या वाटीतही निंगते. मले रोग समजला नव्हता आन समजला म्हणून मी बोललो. मालकानं विचारलं तवा गप्प राह्यलो. लखीरामनं काही केलं नाही. चूक माही हाये."

 मापारी काट्यावरच्या मापाशी चाळा करत राहिला. निवडणाऱ्या बायकांतली एक म्हातारी दुसरीला म्हणाली, "पाह्य बापा, त्या लेकराचा कोट काढून घेतला थंडीत." तेवढं सगळ्यांना ऐकू आलं.

सदाशिवरावांच्या मानेवरची शीर फुगली. "चार लोकात मले खोटं पाडतो," ते खालच्या आवाजात म्हणाले. "तुह्यावर भरोसा ठेवून मी माणूस काढला."

"व्हय, मालक."

"लखीरामले सांगा, उद्यापासून ये म्हणा," ते बबनरावला म्हणाले. मग वाहिदकडं वळले. "तू मात्र येऊ नको."

वाहिदनं पाइप पिशवीत घातला आणि बंड्यांच्या रांगेतून बाहेर पडला. 

जिनाचं मोठं इंजिन त्यानंतर नांदेडचा मिस्त्री बघायला लागला. वाहिदला विहिरीवरची कामं उरली, त्यासाठी सायकलवर आठ-आठ कोस जावं लागे. हुस्नाबीनं गोधड्या शिवायला घेतल्या. जमनी एक दिवस येऊन गोधडीसाठी जुने कपडे देऊन गेली, पण वाहिद घरी नव्हता. लखीराम काही जिनात परत गेला नाही. "बोलावणं आलं, मी म्हटलं नको," एवढंच तो लोकांना सांगे. तांड्याच्या रूपसिंग नाईकानं आडतीवाल्यापाशी शब्द टाकला, आणि उमरखेडच्या एका ट्रकवर त्याला काम मिळालं.

फाल्गुनात एका सकाळी तो ट्रक खडखडत वाहिदच्या दारासमोर येऊन थांबला. लखीराम खाली उतरला.

"मिस्त्री, सकायी उठायले त्रास देते हे," तो म्हणाला. "काल दोन बैल लावून ओढली तवा चालू झाली. काय असंल?"

वाहिद पिशवी घेऊन बाहेर आला. बोनट उघडलं, हात पुसले, इंजिनाला कान लावला. बराच वेळ ऐकत उभा राहिला. त्याला दोन-तीन गोष्टी वाटून गेल्या. एक तर अगदी जिभेवर आली.

"मले नाही समजलं अजून," तो म्हणाला.

लखीरामनं गमछा झटकला आणि ओट्यावर अंथरला.

"मंग पाह्य सावकाश," तो म्हणाला. "मी बसतो."